पात्याची पाठ

१

गॅसवरच्या पातेल्याचं झाकण थडथडायला लागलं, तेव्हा कुठे त्या खोलीतली शांतता मोडली. पाणी केव्हाचं उकळत होतं, पण उठून गॅस बंद करायचं कोणाच्या ध्यानातच येईना. भिंतीला टेकून बसलेल्या बाईच्याही नाही आणि समोर चटईवर पाय मुडपून बसलेल्या तपासणीबाईच्याही नाही. शेवटी सहा-सात वर्षांची बिट्टी उठली, चवड्यांवर उंच झाली आणि तिने बटण फिरवलं. झाकण आणखी एकदोनदा टकटकलं आणि गप्प झालं.

"चहा टाकणार होते," बिट्टीची आई म्हणाली. "पाणी ठेवलं आणि विसरलेच बघा."

"असू दे हो वहिनी. नकोय मला चहा."

तिला सगळे तपासणीबाईच म्हणत. कुठे पट्टा तुटला, कुठे पाळणा निखळला आणि माणूस दुखावला, की सरकारी खात्याकडून ती यायची, तुटलेला तुकडा निरखून बघायची आणि तो का तुटला ते लिहून द्यायची. लोखंडाशी तिचं छान जमायचं. ते खोटं बोलत नाही आणि रडत नाही. माणसांसमोर बसायची वेळ आली की मात्र तिची जीभ अजून अडखळायची. त्यातून घरी तान्हं बाळ सासूबाईंकडे ठेवून आलेली. निम्मा जीव तिकडे.

घडलं होतं ते असं. शहराच्या कडेला एक मोठा दवाखाना, आणि दवाखान्यामागे हिरवळ. बरे होत आलेले पेशंट तिथे अनवाणी चालायचे. ती हिरवळ राखायचे बिट्टीचे बाबा. त्यांना लहानथोर सगळे माळीदादा म्हणत. परवा सकाळी गवत कापता कापता मशीनखालच्या पात्याचा एक तुकडा तुटला, कापलेलं गवत बाहेर टाकणाऱ्या बाजूच्या तोंडातून सुसाट बाहेर आला, दगडी कडेवर आपटून उलटा फिरला आणि त्यांच्या मांडीत खोल घुसला. दवाखाना हाकेच्या अंतरावर. पण मशीन जुनं, हात सुटला तरी बंद न होणारं, आणि त्याच्या घरघरीत हाक ऐकू जाणार कोणाला? लोक पोचले तेव्हा मशीन तसंच घरघरत होतं आणि माळीदादा गवतावर आडवे होते, जसं काही दमून जरा टेकले असावेत.

"मशीन बघणाऱ्या फिटरकाकांना चौकीत बसवून ठेवलं होतं काल," बाई म्हणाली. "संध्याकाळी सोडलं. तुमचा कागद आला की पुन्हा नेणार म्हणे."

सगळ्यांच्या तोंडी एकच होतं. पाऊस संपल्यावर दवाखान्याने नवीन पातं आणलं होतं. ते फिटरने परस्पर विकलं आणि जुनंच घासूनपुसून बसवलं. म्हातारपणी तुरुंगात जाणार तो, आणि जावाच.

"तुम्हाला काय वाटतं, वहिनी?"

"मला?" बाईने खोलीभर नजर फिरवली. एक पलंग, एक कपाट, दोरीवर वाळत घातलेला बिट्टीचा शाळेचा फ्रॉक. "ही खोली दवाखान्याची आहे. मशीनचा नाहीतर फिटरचा दोष निघाला, तर खोली राहील आणि मला धुलाईघरात लावून घेतील. ह्यांचाच दोष निघाला तर सामान उचलायचं. आता मला काय वाटतं ते तुम्हीच सांगा, ताई."

तपासणीबाईने मान खाली घातली. दवाखान्याने परत केलेली माळीदादांची पिशवी पुढ्यात होती. तिने एकेक वस्तू बाहेर काढली. टॉवेल, हातमोजे, पाण्याची बाटली आणि फडक्यात नीट गुंडाळलेली, लोखंड घासायची एक लहानशी कानस. ती पुरती बघते न बघते तोच बिट्टीने कानस उचलली आणि पाठीमागे लपवली.

"ही बाबांची आहे."

"अगं, दे त्यांना!"

"राहू दे तिच्याकडे," तपासणीबाई म्हणाली. त्या घटकेला तिला कानशीचं काहीच वाटलं नाही. बापाची एक वस्तू लेकीला हवी होती, एवढंच तिच्या मनात आलं. आणि तिथेच ती चुकली.

२

फिटरचं काम चालायचं दवाखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तपासणीबाई आत शिरली तसा म्हातारा स्टुलावरून उठला.

"या. फाशी द्यायला कोणीतरी मिशीवाला येईल असं वाटलं होतं. तुम्ही तर माझ्या सुनेच्या वयाच्या निघालात."

"फाशी द्यायला नाही आले, काका. पातं बघायला आलेय."

"एकच झालं."

तिने बरोबर आणलेलं पुडकं सोडलं. हातभर लांबीचं पोलादी पातं, मधोमध बोल्टाचं भोक. एका टोकाची मागची बाजू जागेवर होती, दुसऱ्या टोकाची गायब. म्हाताऱ्याने त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि तोंड फिरवलं.

"मी नवीनच बसवलं होतं. पोराबाळांची शपथ."

"शपथ लोखंडाला कळत नाही, काका. जरा रॉकेल द्या बरं, आणि एक चिंधी."

बोल्टाखालची चकती जिथे बसते तेवढी जागा तिने हलक्या हाताने पुसली. तेलकट काजळी गेली आणि खालून पिवळा रंग निघाला. लख्ख पिवळा, कारखान्यातून येतो तसा. कुठे ओरखडा नाही, गंजाचा ठिपका नाही.

"बघा. जुन्या पात्याचा बोल्ट किती वेळा सोडतो आणि आवळतो आपण? तिथे रंग टिकेल का? हे पातं एकदाच बसलंय आणि त्यानंतर निघालेलंच नाही. नवीनच होतं ते."

म्हातारा पुन्हा स्टुलावर बसला. चष्मा काढून तो कितीतरी वेळ सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिला. चष्मा स्वच्छच होता.

"एवढ्यात सुटलो म्हणू नका," ती म्हणाली. "नवीन पातं असं कसं झालं, ते सांगायला हवं."

तिने पातं उजेडात धरलं. पुढची बाजू धारेची, गवत कापणारी. मागची बाजू पंखासारखी वर वळवलेली. पातं फिरतं तेव्हा तो पंख वारा ओढतो, वाऱ्याने गवत ताठ उभं राहतं आणि धार ते कापते. गोटे लागले असते तर धारेला खाचा पडल्या असत्या. इथे धार शाबूत होती. झिजला होता तो पंख, आणि तोही नेमका वळणावर. शिल्लक राहिलेल्या टोकावर तिने बोट टेकवलं. तिथलं पोलाद डब्याच्या पत्र्याइतकं पातळ झालं होतं, आणि घासूनघासून आरशासारखं चकचकीत.

"हे वाळूचं काम आहे," ती म्हणाली. "पंखाच्या वाऱ्याबरोबर वाळू वर येते आणि त्या वळणावर घासत राहते. धार वरून ठीक दिसते आणि पाठ आतून संपते."

"वाळू?" फिटरने दाराबाहेर बोट दाखवलं. "इथे? इथे चप्पल रुतली तर पाय निघतो, चप्पल निघत नाही!"

खरंच होतं ते. हिरवळीची माती काळी, चिकण. तिने येताना मूठभर उचलून दाबली होती, तिचा लाडूसारखा गोळा झाला होता.

"तुम्ही पातं कधी तपासता?"

"दर आठवड्याला. मशीन आडवं करतो, धारेला अंगठा लावतो, आणि ठीक असेल तर वर खडूने खूण करतो. माझ्या आधीचा फिटरही तेच करायचा."

"आणि पाठ?"

"पाठ?" म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. "पाठ कोण बघतं, बाई? कापते ती धार."

तिने पातं फिरवून धार पुन्हा उजेडात धरली. धारेवर तिला काहीतरी खटकत होतं. फिटरच्या शेडमध्ये धार लावायचं फिरतं चाक होतं. चाकावर गोलसर, कमानीसारखे ओरखडे उमटतात. या धारेवर सरळ, बारीक, एकाशेजारी एक रेघा होत्या. कोणीतरी बसून, सावकाश, हाताने लावलेली धार.

"धार तुम्हीच लावता ना, काका?"

"बोथट झाली की. पण या पात्याला अजून लावायलाच लागली नाही. जेव्हा बघावं तेव्हा अंगठ्याला चरचरायची. म्हटलं, यंदाचा माल बरा आला."

फडक्यात गुंडाळलेली कानस तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. माळीदादा मशीन कुठेतरी वाळूत नेत होते. बोथट झालेली धार फिटरच्या अंगठ्याला कळू नये म्हणून कानशीने घासून परत आणत होते. पण कोणासाठी? आणि कोणाच्या हुकुमावरून?

३

फाटकावरचा दरवान खुर्चीत असा काही बसला होता की खुर्ची त्याच्यासाठी आहे की तो खुर्चीसाठी, ते कळू नये.

"माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही, बाईसाहेब."

"मुंगीचं नाही विचारत. गवत कापायचं मशीन फाटकाबाहेर जायचं का, ते विचारतेय."

"मशीन कसं जाईल? घरघर नसती ऐकली मी?"

"बंद मशीन घरघरत नाही हो."

दरवान विचारात पडला. हा मुद्दा त्याला नवीन होता. "हातगाडी मात्र जायची," जरा वेळाने तो म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी सकाळी. पालापाचोळा टाकायला. वर चादर."

"पाचोळ्यावर चादर?"

"उडू नये म्हणून असेल, असं आपलं मला वाटलं. बरोबर लेक असायची त्यांची. बापलेक चाललेत मजेत, मी कशाला मोडता घालू?" मग त्याने खुर्ची पुढे सरकवली आणि आवाज उतरवला. "नदीच्या रस्त्याने जायचे. मुकादमसाहेबांनी तिकडेच नवीन घर बांधलंय बरं का. मी काही बोललो नाही."

मुकादम म्हणजे सगळ्या माळ्यांचा आणि सफाईवाल्यांचा वरचा. त्याचं नाव काढलं की लोक आधी मागे वळून बघायचे. नदीकाठ म्हणजे वाळू. तपासणीबाईच्या मनात एकदम उजेड पडला, आणि खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला. साहेबाने आपल्या बंगल्याचं गवत कापायला माळ्याला जुंपलं असेल, तर दोष साहेबाचा. फिटर सुटला, वहिनींची खोली वाचली. लेकीला बरोबर घेऊन कोणी चोरी करायला जात नाही, हेही तिच्या मनात येऊन गेलं. बिट्टीला विचारावं का? पण पाठीमागे कानस धरून उभी राहिलेली ती पोर आठवली आणि तिची हिंमत झाली नाही. मोठ्यांना विचारून भागत असेल तर लेकराला कशाला उकरायचं?

मुकादमाच्या घराचं फाटक उघडून ती आत पाऊल टाकते तर काय, अंगणभर फरशी! कुंपणापासून पायरीपर्यंत राखाडी, गुळगुळीत फरशी. कोपऱ्यात एक कोरफडीची कुंडी. गवत औषधालाही नाही.

"माझी कंबर धरते," दारात उभा मुकादम म्हणाला. "वाकवत नाही. म्हणून सगळं झाकून टाकलं. का? गवत शोधताय?"

तिने काय ते ओळखलं, पण आशा सुटेना. "माळीदादा मशीन घेऊन इकडे यायचे. तुम्ही बोलवायचात?"

"मी?" तो हसला, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. "एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं की. बसा."

ती बसते न बसते तोच तिचा फोन वाजला. सासूबाई. "अगं, बाटली तोंडात धरत नाहीये. नुसता आकांत मांडलाय. कधी येतेस?" मागून बाळाचा आवाज येत होता. "आलेच हो आई, जरा खांद्यावर घेऊन फिरवा," असं ती हळू म्हणाली आणि ओशाळून फोन ठेवला. मुकादम खिडकीबाहेर बघत होता.

"मी बघायचो त्याला," तो एकाएकी बोलू लागला. "दर सुट्टीच्या सकाळी. पुढे ती पोरगी, मागे हा गाडी ओढत. चादरीखाली काय आहे ते आंधळ्यालाही कळलं असतं. मशीन बाहेर न्यायला सक्त मनाई आहे, आणि ती मनाई माझ्याच सहीने लागलेली."

"मग हटकलं का नाहीत?"

"हटकलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं. आणि त्याला नाही म्हणायला माझी जीभ उचलली नसती, मॅडम." त्याने कंबर सावरली. "माझी चूक आहे. तुम्ही लिहा ती."

"कुठे जायचे ते?"

"रस्ता पुढे वळतो. वळणाच्या पलीकडे." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "केवढं आहे तुमचं बाळ?"

"सहा महिन्यांचं होईल. का?"

"मग एकट्या जाऊ नका," मुकादम म्हणाला.

४

ती एकटीच गेली.

वळणापलीकडे रस्ता संपला आणि वाळू लागली. पांढरट, भुसभुशीत; पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत रुतणारी. पुढे नदीचा उंचवटा, आणि त्याच्या अलीकडे गुडघाभर काटेरी गवत. त्या गवतातून एक पायवाट वर गेली होती, हातगाडीच्या चाकांनी दोन बाजूंना दाबलेली. वाटेतच एक म्हातारी सरपण वेचत होती.

"आजी, वर काय आहे?"

म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वर लहानग्यांना ठेवतात, बाई. तान्ह्यांना. मोठी माणसं पलीकडे चितेवर, ही इकडे वाळूत." आणि मग, तपासणीबाई जागची हलेना तेव्हा, "ही सगळी ज्याची वाट बघताहेत तो गवतवाला तर या सुट्टीला आलाच नाही. गेल्या वर्षी त्याचं लेकरू इथेच ठेवलं की. चार दिवसांचंही नव्हतं."

तपासणीबाई चढ चढू लागली. डोकं मात्र सवयीने हिशेब मांडत होतं. मन नको म्हणत असलं तरी डोक्याला ते सांगून कळत नाही. एका तान्ह्या जिवाची जागा ती केवढी? पलंगावरच्या चादरीच्या चौथाईएवढी. तेवढं गवत आठवड्यातून एकदा कापलं म्हणून नवीन पातं एका हंगामात पत्र्यासारखं होत नाही. काहीतरी चुकतंय. पुन्हा नव्याने...

ती वर पोचली आणि तिचा हिशेब सुटला.

अख्खा उंचवटा कापलेला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका मापाचा, दवाखान्याच्या हिरवळीसारखा. सरळ जाणाऱ्या आणि सरळ परत येणाऱ्या मशीनच्या पट्ट्या, एक फिकी, एक गडद. मधे मधे लहान लहान ढिगारे, कोणावर गोटा, कोणावर पत्र्याचं भिरभिरं, कोणावर काहीच नाही. प्रत्येकाशी येऊन पट्टी वळली होती, अगदी हलक्या हाताने, झोपलेल्या मुलाच्या उशाशी पांघरूण खोचावं तशी. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकलं नसेल त्यांच्याभोवतीसुद्धा.

ती खाली बसली. मूठभर वाळू उचलली. मूठ मिटली तशी ती बोटांच्या फटींतून सरसरत निघून गेली, गोळा झालाच नाही.

आता सगळं जिथल्या तिथे बसत होतं. माळीदादा सुट्टीच्या सकाळी मशीन इथे आणत. वाळूने धार बोथट व्हायची. तशीच परत नेली असती तर फिटरच्या अंगठ्याला लागली असती. मग दर आठवड्याला धार जाते कशी, अशी चौकशी झाली असती. म्हणून ते कानशीने धार पुन्हा आणायचे. मन लावून आणायचे. फिटर अंगठा लावायचा आणि खडूची खूण करायचा. दोघांनी बघितली ती धारच, कारण या दवाखान्यात पिढ्यान् पिढ्या धारच बघत आलेत. पाठीमागे पंख पातळ होत चालला होता आणि तिकडे कोणाचा हात गेला नाही. माळीदादांनी हातचलाखी जरा कमी सफाईने केली असती, एखाद्या आठवड्यात कंटाळा केला असता, तर धार बोथट सापडली असती, पातं उतरवलं गेलं असतं, आणि आज ते घरी असते.

निष्काळजीपणा शोधायला ती आली होती. तिच्या हाती लागली ती काळजीच काळजी.

घरी बाळ रडत असणार. तिच्या ब्लाउजला ओल आली. पदर पुढे ओढून ती त्या कापलेल्या गवतात तशीच बसून राहिली.

५

फिटरला तिने आधी सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग खोली?"

"जाईल बहुतेक."

"बाई, मग माझ्यावरच राहू..." तो म्हणाला, आणि वाक्य पुरं करायची त्याची छाती झाली नाही. तिनेही ते त्याला पुरं करू दिलं नाही.

बिट्टीच्या आईने दार उघडलं तेव्हा चेहरा बघूनच ओळखलं. "ह्यांचाच निघाला ना दोष?"

तपासणीबाई चटईवर बसली. लोखंडाबद्दल बोलते तसं बोलायचं तिने ठरवलं होतं, एकामागून एक, नीट. पातं नवीन होतं. वाळूने झिजलं. वाळू नदीकाठची. तिथवर येऊन तिची गाडी अडली.

"नदीकाठी कुठे?" बाईने विचारलं. आणि मग, उत्तर येण्याआधीच, "नाही. ते तिकडे जात नव्हते. बाळाला ठेवलं त्या दिवसानंतर पाऊलसुद्धा टाकलं नाही त्यांनी. मी म्हणायचे, चला हो, एकदा जाऊन येऊ. तर उठून बाहेर निघून जायचे. सुट्टीलाही जादा काम आहे म्हणायचे. शेवटी मी म्हटलं, बाप कसले तुम्ही, दगड आहात. तोंडावर म्हटलं, ताई. आणि ते नुसते चपला घालायला लागले."

"दर सुट्टीला तिथेच जात होते, वहिनी. गवत कापायला."

बाई तिच्याकडे बघू लागली.

"नुसतं बाळाचंच नाही. सगळ्यांचं. सगळा उंचवटा."

"सगळा?"

"सगळा. कडेपर्यंत."

बाईच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. "घरातला एक दिवा बदला म्हटलं तर महिना लावायचे," ती म्हणाली, आणि मग तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"मी पण जायचे." कपाटाच्या आडोशाला बसलेली बिट्टी बोलली. कानस तिच्या मांडीवर होती. "मी गोटे उचलायचे. मशीनला लागायला नकोत म्हणून."

"आणि आईला सांगायचं नाही?" बाईचा आवाज फाटला. "एवढ्या दिवसांत एकदाही नाही?"

"बाबा म्हणाले, आधी सगळं छान हिरवं होऊ दे. आत्ता बघितलं तर आई रडेल. छान झालं की नेऊ." बिट्टी आईकडे बघत हळूहळू सांगत होती, शाळेत उत्तर चुकेल की काय अशा भीतीने. "मी म्हटलं विळ्याने काप ना, मशीन जड आहे. तर म्हणाले, विळ्याने खुंट राहतात, टोचतात. आणि एकट्या आपल्या बाळाचं कापलं तर बाकीची बाळं रुसतील."

 बाईने पदराने डोळे पुसले, उठली, दोरीवरचा फ्रॉक उतरवला आणि घडी घालू लागली. एक घडी चुकली, ती मोडून पुन्हा घातली.

"लिहा तुम्ही, ताई."

"वहिनी, मी हेही लिहिणार आहे की इथे पाठ बघायची पद्धतच नव्हती. मुकादमांनी बघून न बघितल्यासारखं केलं तेही. ते स्वतःच लिहा म्हणालेत. पण खोलीचं मी..."

"खोलीचं नका सांगू. सामान कितीसं आहे?" तिने फ्रॉक कपाटात ठेवला आणि दारावर हात तसाच राहू दिला. "न लिहिता ठेवलंत तर तो म्हातारा आत जाईल, आणि मी या खोलीत बसून रोज त्याच्या सुनेला नळावर भेटेन. आणि हे? हे उगाच मेलेले राहतील. कशापायी गेले ते कोणाला कळणारच नाही. लिहा. सगळा उंचवटा कापला, तेही लिहा."

"लिहिते."

"मला घेऊन जाल तिकडे? उद्या? गवत वाढायच्या आत."

तपासणीबाईने होकारार्थी मान डोलावली. तिला उठायचं होतं, घरी जायचं होतं, बाळाला उचलून घ्यायचं होतं. पण बिट्टी जवळ येऊन उभी राहिली होती. तिने कानस पुढे केली नव्हती, नुसती छातीशी धरली होती. मोठ्यांचं सगळं बोलणं तिने ऐकलं होतं, आणि लहान मुलं करतात तसं त्यातलं एकच धरून ठेवलं होतं.

"मावशी, पातं वाळूने खाल्लं ना?"

"हो गं, राणी."

"म्हणजे बाळाच्या अंगावर आम्ही घातली होती, त्या वाळूने?"